घरच्या दुकानातली पारख

सायमाने वाचनालयाचे शटर वर केले, पायपुसणे झटकले, तळ्याकडची खिडकी उघडली आणि रोजच्याप्रमाणे आतल्या खोलीतल्या जुन्या सर्व्हरजवळ जाऊन कान दिला. तो घरघरत होता. म्हणजे अजून तग धरून होता. त्याच्या पोटात पनवेल-उरणच्या वयस्क बायकांनी गायलेली लग्नाची गाणी होती. त्यांतल्या कितीतरी जणी आता हयात नव्हत्या. तळ्यावरचे धुके आत येई तेव्हा सायमाला वाटे, आवाज खरे तर त्या धुक्यातच राहतात. यंत्र त्यांना फक्त थोपवून धरते.

पण यंत्र थकले होते. विश्वस्त अब्दुल्लाचाचांनी संगणकाचे दुकान चालवणाऱ्या भाच्याला, अरबाजला, नवा सर्व्हर त्याच्याकडूनच घेण्याचा शब्द देऊन टाकला होता. वाचनालयाचे संगणक लिनक्स या मोफत प्रणालीवर चालत, आणि नव्या यंत्रातले डिस्क सांभाळणारे कार्ड लिनक्सच्या ओळखीचे आहे, असे सायमाला कुठेच वाचायला मिळाले नव्हते.

"दुकान घरचं आहे, बेटा," चाचा म्हणाले होते. "घरचा माल पारखणं म्हणजे माणूस पारखणं. बरं दिसतं का?"

"चाचा, प्रिंटरही घरचाच होता. लिनक्सशी पटलंच नाही त्याचं. त्याच्यावर आता तुळस ठेवलीय आपल्या वाचनालयातल्या दिपिकाने."

चाचा हसले होते, पण हो म्हणाले नव्हते. तरी ती दुकानात गेली.

"आपा, मशीन बघायला आलात की मुलगी?" अरबाजने विचारले.

"मुलगीच समज. दोघांचं पटतं का, बघू दे."

तिने लिनक्सचा पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर अक्षरे लाटांसारखी सरकू लागली. प्रणाली जागी झाली. यंत्रातली डिस्क मात्र प्रणालीला एकही दिसेना. क्षणभर सायमाला मांडवात बसलेल्या बायका दिसल्या. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

अरबाजचा चेहरा उतरला. "घाऊकवाला तर म्हणाला, सगळं चालतं."

"तुझा कसूर नाही." तिची नजर कोपऱ्यात गेली. "ज्याच्यावर चहा ठेवलायस, तो?"

"तो? मागच्या सालचा आहे, आपा. मामूंना काय तोंड दाखवू?"

तिने पेला उचलून त्याच्या हातात दिला आणि पेनड्राइव्ह त्या यंत्राला लावला. डिस्क एकेक करून उमटल्या, पहाटे तळ्याकाठी दिवे दिसावेत तशा.

"शब्द दुकानाला दिलाय," सायमा म्हणाली, "डब्याला नाही."

तिने ओढणीच्या टोकाने धूळ पुसली. दोघांनी मिळून ते यंत्र रिक्षात ठेवले. दुपारी जुन्या सर्व्हरशेजारी तार जोडून तिने पहिले गाणे नव्याकडे धाडले, मग चाचांना फोन लावला.