डावीकडची ओढ

मित्रांनो, मोटारसायकलच्या डाव्या अंगाला जोडलेली मी एक साइडकार. आता पुरती जुनी झाले आहे. मला स्वतःचे इंजिन नाही, हँडल नाही, ब्रेकसुद्धा नाही. एक चाक, एक सीट आणि गाडीला धरून ठेवणारे चार जोड, एवढीच माझी मालमत्ता. गाडी नेईल तिकडे जायचे आणि जो बसेल त्याला सांभाळायचे, हे माझे काम.

माझा जन्म एका मृत्यूमुळे झाला. कारखान्यात फिटर म्हणून उभा जन्म घालवलेल्या एका माणसाचा एकुलता एक मुलगा याच मोटारसायकलवरून पडून गेला. पुलाच्या अलीकडे रस्त्यावर खडी सांडली होती. चाक घसरले आणि तो परत उठलाच नाही. गाडीला मात्र नुसते खरचटले होते. पोलीस चौकीच्या आवारातून ती घरी आली, तेव्हा फिटरच्या बायकोने शेडकडची खिडकी खिळे ठोकून बंद करून घेतली. "ती माझ्या नजरेला पडता कामा नये," एवढेच ती म्हणाली.

सून लाँड्रीत कामाला होती. लॉजच्या चादरी तिथे धुऊन निघत. चादरी पोचवणारा माणूस सोडून गेला, तसे मालकाने सांगून टाकले की ज्याच्याकडे गाडी असेल त्यालाच आता ठेवू. सून घरी आली, शेडमध्ये गेली, गाडीवरची ताडपत्री ओढून काढली आणि सासऱ्याला म्हणाली, "बाबा, गाडी विकू नका. मी चालवीन."

फिटरने गाडीभोवती एक फेरी मारली. मग म्हणाला, "दोन चाकांवर नाही. मी तिसरं चाक लावून देतो. मग ती आडवी पडणार नाही."

त्यातून मी घडले. माझी चौकट पाण्याच्या जुन्या पाइपांची, अंग पिंपाच्या पत्र्याचे, चाक स्कूटरचे आणि सीट एका मोडीत निघालेल्या बसची. सीटच्या पाठीवर कुणीतरी बाण मारलेले बदाम कोरून ठेवले होते. सून ते घासून काढायला निघाली, तर फिटर म्हणाला, "राहू दे गं. कुणाचं तरी जमलं असेल." त्या घरात कितीतरी दिवसांनी कुणीतरी हसले.

मित्रांनो, साइडकार जोडणे म्हणजे चार बोल्ट आवळणे नव्हे. पहिल्याच चाचणीला गाडी डावीकडे ओढत जाऊन कुंपणात शिरली. सून घामाघूम झाली. "बाबा, ही गाडी आहे की हट्टी बैल?"

फिटरने दोन सरळ फळ्या आणल्या. एक गाडीच्या दोन्ही चाकांना टेकवून ठेवली, एक माझ्या चाकाला, आणि दोन्हींमधले अंतर पुढून नि मागून मोजले. माझे चाक बाहेर तोंड करून होते. त्याने ते बोटभर आत वळवले. मग गाडी माझ्यापासून किंचित उजवीकडे कलती केली आणि वरचे जोड घट्ट केले. ओढ गेली, तर हळू चालवताना हँडल थरथरू लागले. हँडलच्या मुळाशी असलेले बेअरिंग सैल निघाले, ते त्याने आवळले. तेही जमले, तर मी रिकामी असताना डावीकडे वळताच माझे चाक अधांतरी उचलले गेले. सून किंचाळली. फिटरने माझ्या सीटखाली लोखंडाची जड वजने बसवली.

"आता ऐक," तो सुनेला म्हणाला. "रेस दिलीस की ही डावीकडे ओढणार. ब्रेक मारलास की गाडी उजवीकडे जाणार. चिडायचं नाही, तिचा स्वभावच तो. आपण आधीपासून सावध राहायचं."

"म्हणजे आईंसारखंच," सून हळूच म्हणाली.

फिटरने पाना खाली ठेवला आणि तोंड फिरवले. त्याचे खांदे हलत होते. तो हसत होता की रडत होता, मला कळले नाही. त्यानंतर त्याने मला हिरवा रंग दिला. जोड गंजू नयेत म्हणून त्यांच्यावर जास्तीचे हात मारले.

मग माझी कामाची वर्षे सुरू झाली. सकाळी धुतलेल्या चादरींचे गठ्ठे घेऊन जायचे, दुपारी मळक्या चादरी घेऊन यायचे. लॉजचे मॅनेजर मला बघायला बाहेर येत. रस्त्यावरची पोरे हात हलवत. एक चौकीदार तर मला रोज सलाम ठोकायचा. मी मनातून फुगून जात असे. पण घरातल्या एका माणसाने मला कधी पाहिले नाही. आम्ही गल्लीत शिरलो की स्वयंपाकघरातल्या नळाचा आवाज थांबायचा, आणि इंजिन बंद झाले की पुन्हा सुरू व्हायचा. सासूबाई आमच्याकडे बघत नव्हत्या, पण आम्ही घरी येईपर्यंत त्यांचे कान रस्त्यावर असत.

एके दिवशी सून म्हणाली, "बाबा, गाडी परत डावीकडे ओढतेय."

"टायरात हवा कमी असेल," फिटर म्हणाला आणि त्याने हवा भरली. थोडे बरे वाटले. पुन्हा ओढू लागली. पुन्हा हवा भरली. माझ्या पुढच्या खालच्या जोडाला रंगाखाली केसासारखी भेग गेली होती. मला तोंड नाही, मित्रांनो. डावीकडे ओढणे एवढीच माझी भाषा. ती सुनेला कळली, फिटरला कळली, पण दोघांनीही तिचा अर्थ हवा असा लावला.

त्याच दिवसांत सासूबाई धुण्याची बादली घेऊन जिन्यात मध्येच बसू लागल्या होत्या. "काय झालं आई?" असे सुनेने विचारले की म्हणायच्या, "काही नाही गं, गुडघे." सूनही पुढे जायची. तिला चादरी पोचवायच्या असत.

आणि एका दुपारी त्या पायरीवर बसल्या त्या उठल्याच नाहीत. घामाने निथळत होत्या, डावा हात छातीशी धरला होता. फिटर बाहेरगावी गेला होता. सुनेने अँब्युलन्ससाठी फोन केला. अँब्युलन्स शहराच्या दुसऱ्या टोकाला होती. शेजारच्या दाराला कुलूप. सून वेड्यासारखी गल्लीत इकडून तिकडे धावत होती.

"धावू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "काढ तुझी ती गाडी."

त्या माझ्यात बसल्या. चादरींचा गठ्ठा सुनेने त्यांच्या पाठीशी दिला. त्यांची बोटे माझ्या पत्र्याच्या काठावर आवळली गेली, तेव्हा ती थंडगार होती.

पुलापाशी आल्यावर त्यांनी विचारले, "इथंच का गं?"

"हो, आई."

"मला कधी कुणी आणलंच नाही इथं. जरा थांबव."

"आता नाही, आई. येताना थांबू," सून म्हणाली आणि तिने वेग वाढवला. दुसरे काय करणार बिचारी?

चढावर माझा जोड तुटला. मोठा आवाज झाला, माझे तोंड बाहेर फिरले आणि मी गाडीला फरफटत डावीकडे ओढले. सुनेने सगळा जीव एकवटून हँडल धरून ठेवले, म्हणून आम्ही उलटलो नाही. ती खाली उतरली आणि तिने वाकून बघितले. शेजारून मोटारी जात होत्या. तिने हात केला. एकही थांबली नाही.

मग तिने गठ्ठ्यातली एक चादर ओढली, माझ्या पाइपातून आणि गाडीच्या चौकटीतून घेतली, गाठ मारली, गाठीत पाना घातला आणि पिळायला लागली. चादर करकरू लागली. मी बोट-बोट करत गाडीकडे परत आले. तिच्या तळहाताची साल निघाली होती.

"घाई करू नकोस," वरून सासूबाईंचा आवाज आला. "बोट अडकेल."

आम्ही पुन्हा निघालो, पण आता पायी चालण्याइतक्याच वेगाने. "आई, बोलू नका," सून म्हणाली. "मी बोलते. ऐकू आलं की पत्र्यावर थाप मारा." आणि ती बोलत सुटली. नवऱ्याबद्दल बोलली. तो दाढी करताना कसा खोटा ओरडायचा, पहिला पगार कुठे हरवून आला, झोपेत काय बडबडायचा. इतक्या वर्षांत त्या घरात त्याच्याबद्दल कुणी एवढे बोलले नव्हते. माझ्या पत्र्यावर थाप पडत होती. पहिल्यांदा पूर्ण हाताची, मग नुसत्या बोटांची.

मित्रांनो, जिवंत माणूस वळणावर आपसूक अंग सावरते. झोपेत असले तरी सावरते. दवाखान्याच्या अलीकडच्या वळणावर सासूबाईंनी अंग सावरले नाही. त्यांचा सगळा भार माझ्या एका कडेला आला आणि तिथेच राहिला. मला ते सर्वांच्या आधी कळले. सून पुढे बघत बोलतच होती, फाटकापर्यंत.

संध्याकाळी फिटर आला. डॉक्टरांनी त्याला सांगितले की लवकर आणले असते तरी काही सांगता आले नसते. त्याने मान डोलावली आणि तो सरळ माझ्यापाशी येऊन जमिनीवर बसला. चादर सोडली, तुटलेल्या जोडावरून बोट फिरवले. अर्धी भेग चकचकीत होती, ताजी. अर्धी तांबडी होती, गंजलेली. म्हणजे ती जुनी होती.

"मी हवा भरत बसलो," तो म्हणाला.

सून जवळच उभी होती. तिने 'जाऊ द्या' म्हटले नाही. "त्यांना पुलावर थांबायचं होतं," ती म्हणाली. "मी थांबले नाही."

दोघांनी एकमेकांना माफ केले की नाही, मला माहीत नाही. तशी भाषा त्या घरात कुणाला येत नव्हती. फिटरने मला तोडून टाकले नाही. नवा जोड बनवला, आणि बाकीच्या तिन्ही जोडांवरचा रंग लोखंड दिसेपर्यंत खरवडून काढला. त्यानंतर रोज सकाळी तो वाकून, तेलाच्या फडक्याने जोड पुसायचा आणि बोटाने चाचपायचा. नंतर नंतर त्याला वाकवेना, तेव्हा जमिनीवर आडवा होऊन चाचपायचा. तो गेल्यावर ते काम सुनेने केले. तिने मला आणखी कितीतरी वर्षे चालवले.

आता तिच्याने हँडल आवरत नाही. गाडीसकट मला एका नव्या जोडप्याने पसंत केले आहे. काल दोघे येऊन रंगांच्या नमुन्यांचे कार्ड माझ्या अंगाला लावून बघत होते. त्यांना पिवळा आवडला. मलाही आवडला. माझे इतर अंग त्यांनी खुशाल रंगवावे. जोडांवर मात्र रंग देऊ नका, मित्रांनो. ते उघडेच राहू द्या.