उंड्याची कावीळ

"आलं गो, आलं! पिवळं आलं!"

लाटंबार्से गावात रघुनाथबाबाच्या मांडवात बायका माना उंचावून ओरडल्या. काजूची राखण सोडून, गुरं तशीच बांधून माणसं आली होती. बाबानं काविळीच्या एका रोग्याच्या हातांना करवंटीतला तपकिरी रस चोळला, सुकू दिला, मग त्यावर तपेल्यातलं नितळ तीर्थ ओतलं. खालच्या पांढऱ्या ताटात, झेंडू पिळावा तसं, पिवळं पाणी ठिबकू लागलं.

"बाहेर ये गे पिवळे!" बाबा कडाडला. "काळीज सोड, पित्त सोड, गाव सोड! साखळी गावची बस उभी आहे, मागच्या दारानं चढ!"

मांडवाच्या कडेला डॉक्टर वत्सला उभी होती. तिची नजर ताटावर नव्हती, सगुणवर होती. सगुण तिचा पेशंट. चिखलात राबणारा गडी, डोळे पिवळे झाले म्हणून तिच्याकडे आला. तिनं रक्त तपासायला पाठवलं, तर हा इथे येऊन बसला. आज तो बायकोच्या, जानकीच्या, खांद्यावर मान टाकून पेंगत होता आणि स्वतःच्या वाडीचं नाव आठवताना अडखळत होता. कावीळ झालेला माणूस असा पेंगू लागला, म्हणजे रोग मेंदूपर्यंत पोचू लागला.

"जानकी, ह्याला आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात न्यायला हवं."

"दोतोरीणबाय, बाबा म्हणतात सुई टोचली की पिवळी परत आत शिरता." जानकीनं आवाज खाली आणला. "आणि तुमच्याच लोकांनी बाबांक शाल घातली मगो? तो बघा फोटो."

खांबावर हार घातलेला फोटो होता. तालुक्याच्या डॉक्टर मंडळाची बॅडमिंटन स्पर्धा. बाबाच्या खांद्यावर शाल, आणि शाल घालताना हसणारे मंडळाचे सचिव, डॉक्टर प्रमोद. बाबानं चषक दिले होते. चषक देणाऱ्याला शाल, ही मंडळाची रीत. देणारा करतो काय, हे कुणी विचारलं नव्हतं. फोटोखाली बाबानं लाल अक्षरांत रंगवून घेतलं होतं: 'डॉक्टरांनी मानलेले'.

वत्सला मंडळाची नवी अध्यक्ष. तिनं प्रमोदलाही ओढून आणलं होतं. तो आता फोटोकडे पाठ करून उभा होता.

"वत्सला, आपलं मंडळ सभासदांसाठी असतं," तो पुटपुटला. "जेवण, सहल, फार तर एखादं व्याख्यान. निषेध करू हवं तर. मांडवात उतरायचं नसतं."

"शाल घालायला उतरलात, ती काढायलाही उतरा."

एवढ्यात तिची नजर बाबाच्या अंगणातल्या आंब्यावर गेली. झाड हिरवंगार, पण बुंधा गुडघ्यापासून खांद्यापर्यंत सोललेला. जवळच चुन्याचं मडकं. वत्सलाच्या ओठांवर हसू आलं.

"बाबा, आमच्या प्रमोदची तब्येत बघता?"

बाबा खुलला. डॉक्टरच रोगी म्हणून पुढ्यात! त्यानं प्रमोदच्या हातांना रस चोळला, तीर्थ ओतलं. पिवळंधमक!

"आई गे, दोतोराकच कावीळ!" बायकांत हशा पिकला.

"जुनाट आहे," बाबा गंभीरपणे म्हणाला. "शिक्षणाची."

तेवढ्यात पोंपों करत पोदेर सायकलवरून आला. गर्दी दिसली की पाव विकायला थांबायचाच. वत्सलानं त्याच्या टोपलीतून कडक कवचाचा गोल उंडा उचलला, बाबाच्या करवंटीतला रस त्याला चोळला आणि पदरानं वारा घातला.

"ओ बाय, पावाक कित्याक?" बाबा उठला.

"बाबा, हा सकाळपासून भट्टीत तापलाय. बघू तरी."

तिनं तपेलं कलतं केलं. उंड्यावरून पिवळी धार लागली.

उंड्याकडे बघायला सगळा मांडव पुढे झुकला. मग पोदेरच घाबरून म्हणाला, "बाय, माझो उंडो दुखणेकरी न्हय हां! आत्ताच भट्टीतून काढलाय!" आणि सगळा मांडव हसत सुटला.

"आंब्याच्या सालीचा रस आणि चुन्याची निवळी," वत्सला म्हणाली. "दोन्ही भेटले की पिवळं होतं, हात कुणाचाही असो. रोज रस पातळ करा, पाणी फिकट होतं. तुम्हाला वाटतं, उतरली. पुष्कळांची कावीळ आपोआपच उतरते, नाव बाबाचं होतं. ज्याची उतरत नाही, त्याचा फोटो खांबावर लागत नाही."

"मग शाल?" जानकीनं विचारलं. तिला हसू आलं नव्हतं.

प्रमोद पुढे झाला. त्यानं फोटो खाली उतरवला. "शाल चषकांसाठी होती, जानकीबाय. औषध आम्ही तपासलंच नव्हतं. चूक आमची."

बाबा ओरडत होता, तीर्थ बाटलं म्हणून. जानकीनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिनं सगुणचा हात आपल्या गळ्यात घेतला. "उठा. दोतोरांची गाडी खंय असा?"

शेतातल्या पाण्यात उंदरांची लघवी मिसळते, पायाच्या चिरांतून तिच्यातले जंतू रक्तात शिरतात. सगुणची कावीळ त्यातली निघाली. फार उशीर झाला नव्हता. तो घरी परतला तेव्हा अजून अशक्त होता, पण वाडीचं नाव विचारलं तर शिवी हासडून सांगत होता.

मंडळाची जेवणं अजूनही होतात, पण त्याआधी डॉक्टर एकेका गावात जातात, पिशवीत चुना, आंब्याची साल आणि उंडे घेऊन. प्रमोदला आता बाबाची बडबड बाबापेक्षा बरी जमते. शाल मात्र कुणालाच घालत नाहीत. आणि लाटंबार्सेच्या बायका फुगडी घालताना म्हणतात:

आंब्याची साल, चुन्याचं पाणी,
उंड्याची कावीळ काढली कोणी?
काढली कोणी गो, काढली कोणी?
ज्यानं ती आधी घातली, त्यानी!

डोळे पिवळे दिसले तर रक्त तपासून घ्या, भल्या माणसांनो. आणि कुणी हातातून रोग काढून दाखवू लागला, तो मांडवातला असो, शालीतला असो की पांढऱ्या कोटातला, तर त्याच्या पुढ्यात नम्रपणे एक उंडा ठेवा आणि म्हणा, आधी ह्याचा काढून दाखवा.