हळदीकुंकवाच्या पाण्यातली जाळी

मी एक जुना, चार बाजूंना चार हात असलेला लाकडी तुकडा आहे. मित्रांनो, वडगावच्या रवळू विणकराने पांगाऱ्याच्या हलक्या लाकडातून आम्हा नऊ भावंडांना कोरले आणि हातांच्या टोकांशी खाचा करून बारीक लोहचुंबक बसवले. कोणत्या टोकाने कोणाला धरायचे, हे त्याच्या लेकीने, अक्काताईने ठरवले होते.

ती बेळगावच्या कॉलेजात शिकत होती. डीएनएचा धागा आपल्या जोडीचा धागा आपणहून शोधतो. मग या धाग्यांची टोके नीट निवडली, तर डोळ्यांना न दिसणारी जाळी आपोआप विणली जाईल, असा विचार तेव्हा नुकताच छापून आला होता. तो आम्ही पाण्यावर तरंगून दाखवायचा होता. कॉलेजातल्या सरांना पटले तरच अक्काताई धारवाडच्या प्रदर्शनात जाणार होती.

सर आले ते नेमके खंडेनवमीला. माग थांबलेले. अक्काताईच्या आईने, गुणाबाईने, आम्हालाही पितळी परातीत मांडून हळदकुंकू वाहिलेले!

"आई, ही हत्यारं न्हाईत गं!"

"त्यावरच शिकतीस न्हवं? मग हत्यारच की. पुजलेल्या हत्यारांना आज हात लावायचा न्हाय. माझं नवरात्राचं व्रत हाय."

सर घड्याळ पाहत म्हणाले, "नाव आजच कळवायचंय."

अक्काताईने परातीकडे पाहिले. मग एकदम हसली. "आई, हात न्हाय लावत. तू नुसतं पाणी घाल. मी परात हलवते."

"व्हय, परात काय हत्यार न्हाय. रोज पीठ मळते की त्यात."

कळशीचे पाणी पडले, कुंकू सुटले. अक्काताईने आधी परात जोरात हलवली. भलत्याला धरलेले हात सुटले. मग हळूहळू हलवत राहिली. माझ्या एका हाताला जोडीचा हात लागला, मग दुसऱ्याला. लालसर पाण्यावर आमची जाळी झाली.

"अगं बाई! कुणी सांगितलं ह्यांना?"

"कुणी न्हाय, आई. टोकांनाच ठावं हाय."

सरांनी चहाची बशी खाली ठेवली. "धारवाडला ही परातही ने."

तिथे आमचे फार कौतुक झाले. पुढे आम्ही एका शाळेच्या कपाटात गेलो. जाळी सारखी सुटते म्हणून कुणीतरी आम्हाला डिंकाने पक्के चिकटवले. आता आम्ही नीटनेटके दिसतो, पण कुणाला शोधत नाही. माझ्या खाचेत थोडे कुंकू अजून आहे.

मित्रांनो, असे काही तुमच्या हाती आले, तर चिकटवू नका. पाणी घाला, हळू हलवा, आणि हात मागे घ्या.