हंड्यातली घंटी

माझा थोरला भाऊ कमलाकांत वीज कंपनीत चांगल्या हुद्द्यावर होता, आणि ते सुख त्याला बोचत होतं. त्याला म्हणे एक नवी लहर सापडली होती. रेडिओच्या लहरी धातूने अडतात, त्याची अडत नव्हती. अशी लहर पुस्तकात नाही म्हटलं की तो म्हणायचा, पुस्तकं चुकतात. मी मुलींच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवते. पुस्तकं चुकतात हे मलाही ठाऊक आहे, पण माणसांइतकी नाही.

लोकांसमोर प्रयोग साधला की दुसऱ्याच दिवशी राजीनामा द्यायचा, असं त्याने ठरवून टाकलं होतं. पदरात दोन मुली. लीलावहिनी हल्ली जेवताना बोलेनाशी झाली होती.

प्रयोगासाठी त्याने हरताळाचा दिवस निवडला. ट्रामच्या ठिणग्यांनी त्याची यंत्रं बिथरत, आणि संयुक्त महाराष्ट्रासाठी त्या दिवशी गिरगावात एकही ट्राम धावणार नव्हती. खाली रस्त्यावर घोषणा चालल्या होत्या. निवृत्त प्राध्यापक मनमोहनराव शिवाजी पार्कहून पायी आले, काही शेजारीही जमले.

दादाने तांब्याच्या हंड्यात विजेची घंटी, तिची बॅटरी आणि लहर पकडणारी नळी ठेवली. वहिनीने झाकण घातलं. दादाने शेजारच्या खोलीत यंत्रातून ठिणगी पाडली आणि बंद हंड्यात घंटी वाजली. शेजाऱ्यांनी टाळ्या पिटल्या.

मी झाकणाच्या कडेकडे पाहत होते. तिथून पांढरा फडका डोकावत होता. आमच्याकडे पाण्याच्या हंड्याला फडका घातल्याशिवाय झाकण पडत नाही. हंडा रिकामा असला तरी वहिनीचा हात सवयीने फडक्याकडे जातो. म्हणजे धातूला धातू टेकतच नव्हता, आणि त्या फटीतून साधी रेडिओची लहर खुशाल आत शिरत होती.

वेळ पाहून बोलणं माझ्या रक्तात नाही. मी सगळ्यांदेखत फडका ओढला, झाकण दाबून बसवलं आणि दादाला पुन्हा ठिणगी पाडायला सांगितलं.

घंटी गप्प. पुन्हा पाडली, तरी गप्पच.

दादाचा चेहरा पार उतरला. मला भडभडून आलं, पण सुटकाही वाटली. मग त्याने माझ्या हातातला फडका घेतला, हंड्याच्या तोंडावर नीट पसरला, वर झाकण ठेवलं आणि आत जाऊन ठिणगी पाडली. घंटी वाजली.

"माझ्या लहरीला सुती कापड लागतं," तो बाहेर येऊन मनमोहनरावांना म्हणाला. "हे मलाही माहीत नव्हतं. नलूमुळे कळलं."

मनमोहनराव चपला शोधू लागले. शेजारी पांगले. दादा तिथेच टेबलाशी बसून राजीनामा लिहू लागला.

मी स्वयंपाकघरात गेले. वहिनी माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझ्या कानात सांगायचंस, नलू. मी हळूच फडका काढून पुन्हा एकदा दाखवा म्हटलं असतं. मग फट ह्यांची ह्यांनाच सापडली असती. स्वतःला सापडलेलं तेवढंच हे खरं मानतात."