माझ्यावरचे पाच अंगठे

“सर, हे पान खोटं बोलत असलं तर?”

हा प्रश्न तसा अपेक्षाचा नव्हताच. छाया आणि ऋतिकने तिला मधल्या सुट्टीत डिवचलं होतं. नरेश सर इतिहासाच्या तासाला इंटरनेटवरून जुने कागद शोधून आणतात, भिंतीवर मोठे करून दाखवतात आणि ‘हा अस्सल पुरावा’ म्हणतात, तर हिंमत असेल तर हे विचारून दाखव, एक प्लेट मिसळ लागली. पैज म्हटली की अपेक्षाला बसवत नाही. ती उठली, विचारून मोकळी झाली, आणि सगळी नववी ‘ब’ खिदळली.

मी हसलो नाही. कारण मित्रांनो, भिंतीवरचं ते पान म्हणजे मीच. आणि मी खरोखर खोटं बोलत होतो. ऐंशीपेक्षा जास्त वर्षं बोलत होतो. कुणी विचारलंच नव्हतं.

मी एका शाळेच्या रजिस्टरचं दोनशे चौदावं पान. शाळा कळंबच्या अलीकडच्या एका गावातली, नाव घेत नाही. चिंध्यांच्या लगद्यातून मी जन्मलो, लाल कापडाच्या पाठीत शिवला गेलो आणि हेडमास्तरांच्या टेबलावर येऊन पडलो. मास्तरांचं अक्षर म्हणजे मोत्याचा सर. ते स्वतः बोरू तासायचे. तासता तासता एकदा चाकू निसटला आणि त्यांच्या डाव्या अंगठ्यावर आडवी खोल चीर पडली. ती चीर लक्षात ठेवा.

सन १९३६ चा चैत्र. पाच मुलं वर्गात नाही, बाहेर ओट्यावर बसायची. जात लिहायचा रकाना माझ्यावर होता, तेव्हा का ते मला चांगलंच ठाऊक होतं. त्यांनी पाण्याच्या माठाला हात लावायचा नाही, शिपायाने वरून ओतायचं आणि त्यांनी ओंजळीने प्यायचं, असा नियम. एके दिवशी शिपाई आलाच नाही. दुपारपर्यंत ऊन ओट्यावर चढलं. आठ वर्षांचा चंदर उठला, माठाजवळ गेला आणि स्वतःच्या हाताने पाणी प्यायला.

दुसऱ्या दिवशी गावातली माणसं आली. माठ फोडला. पाचही मुलांना हाकललं. चंदरच्या पाठीवर वळ उठले होते, पण मार लिहायला माझ्यावर रकाना नव्हता.

मग मास्तर घाबरले. पुढच्या महिन्यात शाळा तपासायला साहेब येणार होते, दिपोटी म्हणायचे त्यांना. पाच मुलं कुठे गेली असं ते विचारणारच. मास्तरांनी दार लावलं, बोरू उचलला आणि पाचही नावांपुढे तेच सुंदर अक्षर उमटवलं: ‘पालकाने स्वखुशीने काढून नेले’. त्याखाली ‘निशाणी डावा अंगठा’. मग शाईत स्वतःचा अंगठा बुडवून माझ्यावर पाच वेळा दाबला. मला ओरडता आलं असतं तर. पण पानाला तोंड नसतं, लिहिलेलं तेवढंच असतं.

दिपोटी आले, पान उलटलं आणि म्हणाले, वा, काय अक्षर आहे. पुढेही दाखले काढायला कुणी कुणी मला उघडायचं आणि हेच म्हणायचं. खोट्याचं कौतुक माझ्याइतकं कुणाच्या वाट्याला आलं नसेल.

पुढे लाकडी कपाट गेलं, लोखंडी आलं. एके वर्षी कुठल्याशा संस्थेची दोन माणसं दिवा आणि कॅमेरा घेऊन आली आणि त्यांनी आम्हा सगळ्या पानांचे फोटो काढून इंटरनेटवर चढवले. शाळेला वाटलं, चला, आता कागद सांभाळायची कटकट मिटली. रजिस्टर पोत्यात घालून गळक्या खोलीत टाकलं. दोन वर्षांत वाळवीने मला संपवलं. मित्रांनो, माझं शरीर आता नाही. मी नुसता पडद्यावरचा उजेड आहे.

आणि तिथेही कुणी मला नीट ठेवलं नव्हतं. गावाचं नाव नाही, साल नाही, नुसती ‘किरकोळ शालेय कागद’ अशी चिठ्ठी. नरेश सरांना वर्गात दाखवायला आपल्या भागातल्या जुन्या शाळेचे कागद हवे होते. त्यांनी तालुक्याचं नाव टाकून शोधलं, मी सापडलो नाही. एकेका गावाचं टाकलं, तरी नाही. शेवटी तीन रविवार त्यांनी एकेक पान उलटत घालवले, तेव्हा दोनशे चौदाव्यावर मी भेटलो.

तर तो प्रश्न. सर रागावतील म्हणून वर्ग वाट पाहत होता. सर म्हणाले, “बोलू शकतं. पान पण माणसानंच लिहिलेलं असतं. कुणी लिहिलं, कुणाला दाखवायला लिहिलं, ते विचार त्याला. ये पुढं.”

अपेक्षा ऐटीत पुढे गेली. लॅपटॉपवर तिने मला मोठं केलं, आणखी मोठं केलं. पाच मुलं, कुणी सात वर्षांचं, कुणी तेरा. तारीख एकच. कारण एकच. एकाच दिवशी पाच घरांना अशी खुशी कशी झाली, हे तिने स्वतःलाच विचारलं. तेवढ्यात पहिल्या बाकावरून छाया म्हणाली, “अगं, त्या अंगठ्यावर चीर हाय बघ आडवी. खालच्यावर पण.”

पाचही अंगठ्यांवर तीच चीर होती. मग अपेक्षाने पहिलं नाव वाचलं, ‘चंदर बिन नागू’, म्हणजे नागूचा चंदर, रकान्यातलं गावही वाचलं, आणि जागेवर जाऊन बसली. मिसळीचं नाव कुणी काढलं नाही.

चंदर तिचा पणजोबा.

शिळफाट्याच्या तिच्या घरात एक म्हण होती. कुणाला मार्क कमी पडले, कुणी कॉलेज सोडलं, की म्हणायचं, चंदरच्या वाटंनं गेलं, पळपुटं. त्या संध्याकाळी अपेक्षाने वडिलांच्या मोबाइलवर मला उघडलं. तिचे वडील कपिल साजगावच्या कारखान्यातून नुकते आले होते. आई, दर्शना, भाजी निवडत होती. अपेक्षाने सगळं सांगितलं, आणि हेही, की शनिवारच्या पालक सभेत ती हे पान दाखवणार आहे.

कपिल आधी चिडले. त्या गावात अजून आपली भावकी आहे, लोक म्हणतील पोरगी जातीचं उकरून काढते, तुला काय मिळणार त्यातून, असं बरंच बोलले. मग त्यांची नजर ‘डावा अंगठा’ या शब्दांवर पडली आणि ते थांबले.

“नागूला डावा अंगठाच नव्हता,” ते हळूच म्हणाले. “गवत कापताना गेला, चंदर जन्मायच्या आधीच. थोटा नागू म्हणायचे त्याला.”

दर्शनाने भाजी खाली ठेवली.

मग कपिलनी जे सांगितलं ते मलाही ठाऊक नव्हतं. मास्तरांनी चंदरला सांगितलं होतं, गावाचं सोड, तुझ्या बापानेच अंगठा देऊन तुझं नाव काढलं; कुठला अंगठा, हे पोराने विचारलं नाही. आणि नागूला सांगितलं, तुझं पोरगं मार खाऊन पळालं. दोघांनी आपापलं गाऱ्हाणं घरातल्या इतरांना सांगितलं, एकमेकांना कधी विचारलं नाही; घराने नागूचंच खरं धरलं. एका छपराखाली दोघे वीस वर्षं कामापुरतं बोलले. नागू गेला तेव्हा चंदरने त्याला खांदा दिला नाही.

हे सगळं माझ्यामुळे. माझ्यावरच्या एका सुंदर ओळीमुळे. मित्रांनो, आम्हा कागदांना वाळवीपासून वाचवा, आमच्या चिठ्ठीवर गाव आणि साल लिहा, म्हणजे आम्ही सापडू. पण सापडलो की लगेच नमस्कार करू नका. आधी उलटतपासणी घ्या. मला एकाने जरी वेळेवर विचारलं असतं, तर एक मुलगा आपल्या बापाशी बोलला असता.

कपिलनी बोटाने मला मोठं करून एकेक अंगठा बघितला. मग म्हणाले, ऱ्हाऊ दे बाळा, दोघंबी गेले आता.

अपेक्षाने मोबाइल त्यांच्या हातातून घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज सकाळी वर्गात होता तसाच होता.

“पप्पा, आई, मी शनिवारी हे पान दाखवणार. चंदर पळाला नव्हता नि नागूनं त्याला काढला नव्हता, हे मी माईकवर सांगणार. आणि आजपासून या घरात कुणी कुणाला पळपुटं म्हणायचं नाय. तुमी आलात तर पुढच्या रांगेत बसा. नाय आलात, तरी मी सांगणारच हाय.”