तेलाचा बोळा

आमच्या अप्पांना माणसांपेक्षा लोखंड लवकर कळतं. गेवराईत त्यांचं विळे-कुदळींचं दुकान. अप्पांचं नाव महारुद्र, आणि स्वभावही नावाला जागणारा. माझा धाकटा भाऊ केदार पुण्याला जाऊन सायकलीच्या शर्यतींत उतरला, तेव्हापासून दोघांचं बोलणं बेताचंच. "सायकल मारून कुनाचं पोट भरलंय बे?" एवढंच अप्पा विचारत.

दोन हजार सहा साली केदारची मलेशियातल्या डोंगरातल्या शर्यतीसाठी निवड झाली. तिथे चमकला तर एका कंपनीच्या संघात कायमची नोकरी होती. निरोप घ्यायला तो सायकल घेऊनच आला आणि विमानात न्यायची म्हणून अंगणात कूलरच्या खोक्यात बांधायला बसला. अप्पा दुकान सोडून त्याच्या शेजारी बसले. माझा डोळ्यांवर विश्वास बसेना.

केदारने हँडल वळवलं, पायडल काढले, चाकं सोडवली. डिस्क ब्रेकच्या फटीत पुठ्ठ्याचा तुकडा सरकवत म्हणाला, "अप्पा, चाक नसताना ब्रेक दाबायचा न्हाई. पट्ट्या चिकटून बसतेत. आत तेलावर चालतो ह्यो."

"तेलावर?" अप्पा खूश झाले. "मंग आपल्यातलाच हाय की."

केदार देवळात पाया पडायला गेला. आमच्या दुकानातून कोरडं लोखंड परगावी जात नाही, ही आजोबांपासूनची रीत. जवळच्या उमापूरला जाणारा साधा विळाही तेलाच्या बोळ्याने पुसूनच निघतो. ब्रेकला अप्पांनी बोटही लावलं नाही. फक्त चाकांवरच्या उघड्या पोलादी चकत्या बोळ्याने पुसल्या, लेकराचं तोंड पुसावं तशा हलक्या हाताने. मला वाटलं, बापलेकांचं जमलं एकदाचं.

मलेशियात ब्रेक नुसताच किंचाळला, धरेना. ब्रेकच्या पट्ट्या ज्या चकत्यांना धरतात, त्यांवरचं तेल पट्ट्यांत मुरलं होतं आणि दुसऱ्या पट्ट्या जवळ नव्हत्या. मोठ्या उतारावर केदार झाडीत गेला. खांद्याचं हाड मोडलं, नोकरी दुसऱ्याला गेली.

तो हात गळ्यात अडकवून घरी आला. अप्पा कौतुकाने म्हणाले, "पडनं-झडनं चालायचंच. सायकलीला गंज तर न्हाई ना धरला? म्या तेल लावलतं."

"तुमाला कुनी सांगितलतं हात लावायला?" केदार म्हणाला, आणि मग नको नको ते सगळं बोलला.

अप्पा खाली बसले. "चुकलं बाबा," म्हणाले. उभ्या जन्मात हा शब्द त्यांनी कुणापुढे काढलेला मला आठवत नाही. केदारलाही तो सोसवेना. तो त्यांच्याजवळ जाऊन बसला, पण तोंडातून गेलेलं थोडंच परत घेता येतं? मला आजही वाटतं, शर्यत गेली त्याचं एवढं काही नाही, ते बोलणं टळायला हवं होतं.

पुढे हाड जुळलं, दुसरी शर्यत आली, अंगणात नवं खोकं आलं. एकट्याला जमत असूनही केदारने मुद्दाम हाक मारली, "अप्पा, या की. चाक धरा जरा."

अप्पा आले आणि उंबऱ्याच्या आतच थांबले, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून.

"तूच बांध," ते म्हणाले. "म्या हितूनच बघतो."