उन्हाची पेटी

लोकं म्हणतात, मंगरूची पेटी फुसकी निघाली. म्हणणाऱ्यांच्या तोंडात माती! मी त्याची बायको. त्या पेटीतला भात मी रोज खाल्ला हाय.

डब्याचा पत्रा, वर खिडकीचा काच, आत भाताचं काजळी फासलेलं गंज. माह्या लेकीच्या, चंदाच्या बाबानं सारं स्वतः जुळवलं. सकाळी वावराच्या धुऱ्यावर पेटी उन्हाकडं तोंड करून ठेवली का दुपारी भात मऊ. सरपणासाठी जंगलाच्या गार्डाच्या शिव्या खायचं कामच नाई.

ब्लॉकच्या साहेबाच्या कानावर गेलं. "माह्यासमोर भात शिजव," म्हणे, "शिजला तं गावोगाव पेटी शिकवाले तुलेच ठेवतो." नाई तं यानं बल्लारशाकडं कोळशाच्या खाणीत जायचं ठरलंच होतं.

त्या दिवशी सकाळपासून सारं गाव धुऱ्यावर जमलं. पेटीत तांदूळ ठेवून आम्ही दोघं साहेबाले आणाले सडकेवर गेलो, अन् पेटीजवळ माही सासू मनकर्णाबाई बसली. आमच्यात शिजतं अन्न परक्या नजरेत उघडं ठेवत नाईत. एवढे डोळे काचातून आत पाहून राह्यले, म्हाताऱ्या जिवाले धाक पडला. तिनं आपलं ठेवणीतलं लुगडं आणून काचावर झाकलं. रोज शिजते तं आजही शिजंलच, असं तिले वाटलं.

साहेबाले घेऊन आम्ही आलो, तवा ती लुगडं उचलून राह्यली होती. आम्ही दोघांनीही पाह्यलं.

साहेबानं काच सरकवला. पाण्यात तांदूळ तसेच टणक. लोकं फिदीफिदी हासले. मी बोलाले तोंड उघडलं, तं यानं माहा हात गच्च दाबला. म्हणाला, "नाई शिजत साहेब यात. माहीच चूक."

घरी येऊन मी भांडली. "काऊन नाई सांगितलं जी?"

"अवं, माय हाय ते माही. चारचौघात तिच्यावर ढकलू? तुले शपथ हाय चंदाची, बोलशील तं."

दुसऱ्या हप्त्यात तो खाणीत गेला. आता सणासुदीले येते, खोकत येते. माहा जीव तुटते, पण शपथ पडली लेकीची.

सासू शेजारणीले सांगते, "म्या लुगडं टाकलं म्हणून बरं बाई, नाई तं एवढी नजर माह्या लेकराले लागली असती."

अन् मंग माह्याकडं वळून इचारते, "सूनबाई, मंगरू घरी काऊन रायत नाई वं?"